भावी

आमच्या शेतात सोयाबीन कापून झालं की बनीमीवर, म्हणजे रचलेल्या ढिगावर, माझा चेहरा पसरतात.

हे अलंकारिक बोलणं नाही. आठ बाय सहाचा फ्लेक्स आहे. त्यावर मी आहे, सोळा वर्षांची, दोन वेण्या, डोळे जरासे मिटलेले, कारण फोटो हॉल तिकिटासाठी काढलेला आणि फोटोवाल्याचा फ्लॅश डोळ्यांवर आलेला. मळणीयंत्र गावात एकाकडेच. त्याचा नंबर लागेपर्यंत कापलेलं सोयाबीन आठ-दहा दिवस रचून ठेवावं लागतं आणि परतीच्या पावसाचा नेम नसतो. ताडपत्री एक आहे, ती पुरत नाही. उरलेल्या बाजूला मी.

हा फ्लेक्स लागला जून २०१४ मध्ये. दहावीला मला ९४.२० टक्के पडले. शाळेत पहिली. आमच्या भावकीत तोवर नव्वदीला कुणी शिवलं नव्हतं. चुलत्यांनी अहमदपूरला जाऊन फ्लेक्स छापून आणला आणि पाराजवळच्या खांबाला बांधला. वर मोठ्या अक्षरांत 'भावी डॉक्टर', खाली 'कु.' लावून माझं नाव, त्याखाली चौदा शुभेच्छुकांचे गोल फोटो. कोपऱ्यात एका पुढाऱ्याचा फोटो होता, माझ्यापेक्षा मोठा, आणि त्याचे डोळे मात्र नीट उघडे होते.

तो लावताना मला कुणी विचारलं नव्हतं, हे सांगायला मला बरीच वर्षं आवडायचं. कॉलेजात मैत्रिणींना मी हा किस्सा असाच सांगायचे आणि त्या हळहळायच्या. जे सांगत नव्हते ते हे, की त्या संध्याकाळी मी दळणाच्या निमित्ताने तीनदा पारावरून गेले होते. तिसऱ्या खेपेला दळण संपलं होतं.

आपल्याकडे फ्लेक्सवर 'भावी' असणारे लोक खूप. भावी सरपंच, भावी आमदार, प्रत्येक वाढदिवसाला नव्याने भावी. त्यांतला एकही कधी 'आपण अजून झालो नाही' म्हणून रात्री उशीत तोंड खुपसून रडला असेल असं वाटत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा छापतात. मला ते जमलं नाही. मी तो शब्द छापला त्या दिवशीच खरा धरला.

शब्द चुलत्यांचा असला तरी मूळ आईचं.

आईचं माहेर किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, दहावीत. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. तिकडची जुनी घरं माळवदाची. दोन-दोन हात रुंद दगडी भिंती आणि वर मातीचा जाड थर, उन्हाळ्यात गारेगार. तीच माती लोकांच्या अंगावर आली. त्या पहाटे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आईच्या घरातली दोन. त्याबद्दल ती कधी बोलत नाही आणि आम्ही विचारत नाही.

ती सांगते ते तंबूचं. शाळेच्या पटांगणात तंबू टाकले होते. त्यातल्या एका तंबूत पांढरा एप्रन घातलेली एक बाई होती. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, केस कसेतरी वर बांधलेले. पाऊस चालू होता. सलाइन टांगायला काही नव्हतं, म्हणून त्या बाईने समोर उभ्या असलेल्या आईच्या हातात बाटली दिली आणि म्हणाली, "वर धर. हात खाली येऊ देऊ नको." आईने एक हात दुखला की दुसऱ्या हाताने, असं करत बाटली संपेपर्यंत धरली. सलाइन लावलेला म्हातारा वाचला. जाताना त्या बाईने आईच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "कितवीत आहेस?"

आईची दहावी तिथेच राहिली. पुढच्या दोन वर्षांत लग्न झालं, १९९८ ला मी. मला आठवतं तसं आईने मला एकदाही 'तू डॉक्टर हो' असं म्हटलेलं नाही. तिने फक्त ही गोष्ट सांगितली. ताप आला की सांगायची, लाइट गेली की सांगायची, मी आजोळच्या कुणाच्या लग्नात रडारड केली की सांगायची. सांगताना तिचा उजवा हात आपोआप वर जायचा. हट्टाला नाही म्हणता येतं. वर उचललेल्या हाताला काय म्हणायचं?

दहावीनंतर लातूर हे ठरलेलंच होतं. आमच्या भागात ते कुणी ठरवत नाही. मार्क पडले की लातूर, जसं पाऊस पडला की पेरणी. पुण्या-मुंबईच्या लोकांना 'लातूर पॅटर्न' हा शब्द बातमीतून माहीत असतो. आम्हाला तो एसटीतून माहीत. सकाळच्या गाडीने गावातल्या चार पोरांचे डबे निघायचे. पिवळ्या फडक्यात बांधलेला डबा, फडक्यावर मार्करने नाव, वाहकाच्या सीटमागे ठेवलेला. लातूरच्या बसस्थानकात आम्ही सगळी उभी असायचो. अख्ख्या मराठवाड्यातली भाकरी-कालवणं त्या फलाटावर उतरायची. कोणत्या गाडीला मेथीचा वास आणि कोणत्या गाडीला शेंगदाण्याच्या चटणीचा, हे डोळे मिटून सांगता यायचं. माझ्या डब्यात कधीमधी चिठ्ठी असायची. 'दही आंबट झालं, आधी खा.' अभ्यास कर असं त्यात कधी नसायचं.

ट्यूशन एरियात सगळं मार्कांवर चालायचं. दर रविवारी टेस्ट, मंगळवारी यादी, आणि यादीप्रमाणे बॅच बदलायची. पहिल्या बॅचला एसी हॉल आणि नावाजलेले सर, शेवटच्या बॅचला पत्र्याचा हॉल आणि नवखे सर. मी दुसरीतून तिसरीत गेले, एकदा पहिलीत गेले, आठवड्याने परत. त्या एका आठवड्यातल्या हॉलचा गारवा मला अजून आठवतो. गावात मी एकटी ९४.२० होते. इथे खोलीतल्या पाचजणींत मी चौथी. त्यातली एक तर रात्री झोपेत आवर्त सारणी म्हणायची. तिचं पुढे काय झालं हे मला माहीत आहे, ती भूलतज्ज्ञ झाली, आणि दिवाळीला न चुकता मेसेज करते. मी उत्तर द्यायला तीन दिवस लावते.

बारावीच्या वर्षी, प्रवेश परीक्षेच्या आधी चार महिने आई लातूरला येऊन राहिली. अण्णा, माझे वडील, गावात एकटे, म्हैस आणि धाकटा भाऊ त्यांच्या गळ्यात. तो २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. नळ म्हणजे भिंतीतून आलेला नुसता लोखंडी तुकडा. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. पाण्यासाठी पाचपेक्षा जास्त लोकांनी एकत्र यायचं नाही असा हुकूम, आणि घागरी मात्र दोनशे. आमच्या गल्लीत टँकर कधी रात्री अकराला यायचा, कधी पहाटे तीनला. हॉर्न वाजला की आई उठायची. मी उठले की ओरडायची, "तू बस. तू लिहायलीस ना, लिही."

मग मी लिहायचे. खिडकीतून खाली रांग दिसायची. आई दोन कळशा घेऊन उभी, पदर कमरेला खोचलेला. माझ्यासमोर प्रश्न असायचा: विशिष्ट घनतेच्या द्रवात बुडवलेल्या अमुक वस्तूवर प्रयुक्त होणारं उत्प्लावक बल काढा. त्या उन्हाळ्यात उत्तर काढताना माझा हात थांबायचा. आणि थांबला की लगेच वाटायचं, ती खाली उभी आहे आणि तू वर थांबतेस? मला आज कुणी विचारलं की आई-वडिलांच्या अपेक्षांचं दडपण कसं असतं, तर मी ओरडणारा बाप किंवा तुलना करणारी आई सांगणार नाही. माझं दडपण दोन कळशांचं होतं, आणि त्या कळशा माझ्या हातात द्यायला कुणी तयार नव्हतं. निदान एक कळशी वर आणू दिली असती तर हिशोब थोडा तरी फिटला असता.

१२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. अख्खं शहर तेच बोलत होतं. आईला मिरज माहीत होतं ते दवाखान्यांचं गाव म्हणून. आजीचा मोतीबिंदू तिथेच काढला होता. ते पाणी आमच्या घागरीत आलं का नाही देव जाणे, पण आई तांब्या माझ्यापुढे धरून म्हणाली, "मिरजेला डॉक्टर लई. आता पाणी बी तिथलंच प्यायलीस बग."

त्या वर्षी परीक्षेचाही पाण्यासारखाच खेळ झाला. आम्ही दोन वर्षं राज्याच्या सीईटीची तयारी केली होती, आणि एप्रिलच्या अगदी शेवटी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वैद्यकीय प्रवेश 'नीट'वर, म्हणजे देशभराच्या एकाच परीक्षेवर. १ मेला तिचा पहिला टप्पा. ५ मेला ठरल्याप्रमाणे सीईटी झाली, पण ती धरणार की नाही हे पेपर लिहिताना कुणालाच ठाऊक नव्हतं. २४ मेला केंद्राचा अध्यादेश निघाला आणि त्या वर्षापुरती राज्यांच्या कोट्याला सीईटी चालली. मला २०० पैकी ११८ पडले. कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत आले की नीटच्या गोंधळाने आमची बॅच मारली. त्याच गोंधळात माझ्या खोलीतल्या दोघी लागल्या, हे सांगत नव्हते.

पुढची दोन वर्षं रिपीटर. त्यांच्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबरला चार, चुकीला वजा एक. २०१७ ला २६३. २०१८ ला ३१२. वजा एकची एक सवय लागते. पेपर संपला तरी ती जात नाही. कुणी 'छान दिसतेस' म्हटलं की आपण आतल्या आत एक वजा करतो. नातेवाइकांच्या लग्नाला गेले नाही, वजा एक. गेले आणि 'काय करायलीस सध्या?' या प्रश्नाला खोटं उत्तर दिलं, वजा एक.

३१२ चा निकाल लागला तेव्हा जून होता. मृग तोंडावर आला होता आणि अण्णा अंगणात सोयाबीनच्या बियाण्याची उगवण बघत होते. ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून ठेवायचे, आठवड्याने उघडायचं, सत्तर उगवले तर पेरायचं. मी आकडा सांगितला. त्यांनी हातातलं गोणपाट गुंडाळलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं बाई. एकदाचं संपलं."

इतकंच. मग ते म्हशीला पाणी दाखवायला गेले.

'एकदाचं' हा आपल्या भाषेतला फार वाईट शब्द आहे. लग्न पार पडलं की म्हणतात, एकदाचं झालं. भाडेकरूने घर सोडलं की म्हणतात. दीर्घ आजाराने खंगलेलं माणूस गेलं की घरातलं कुणीतरी हळूच म्हणतं. अण्णांनी यातलं कोणतं म्हटलं हे मी विचारलं नाही. मी माझं ठरवून टाकलं. चार वर्षं या पोरीवर घातलेला पैसा, आईचे ते चार महिने, विकलेली दोन वासरं, आणि हाती ३१२. एकदाचं संपलं. त्या मार्कांवर खासगीत होमिओपॅथीला प्रवेश मिळाला असता. चुलते फीची जुळवाजुळव करायलाही तयार होते. मीच नको म्हणाले. सगळ्यांना सांगितलं, घरावर बोजा नको. खरं कारण असं की फ्लेक्सवर ज्या अर्थाने 'डॉक्टर' छापलं होतं तो अर्थ एमबीबीएसचा होता, आणि त्याहून इंचभर कमी मला चालणार नव्हतं. गावाला चाललं असतं. आईला तर नक्कीच चाललं असतं.

तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला गेले, मायक्रोबायोलॉजी घेतलं. त्या दिवाळीच्या सुट्टीत शेतात गेले तर बनीमीवर तो फ्लेक्स. पारावरून उतरवल्यावर चार वर्षं तो माळ्यावर पडून होता. पण आता त्याचा उजवीकडचा मोठा भाग गायब होता. 'भावी' होतं, माझा चेहरा होता, 'डॉक्टर' नव्हतं. विहिरीवर गेले. मोटारीच्या स्टार्टरची पेटी 'डॉक्टर'ने गुंडाळलेली, वरून सुतळीने बांधलेली.

मी त्या दिवशी अण्णांशी भांडले तशी आयुष्यात कुणाशी भांडले नाही. काय काय बोलले ते लिहीत नाही. ते विळा हातात धरून उभे होते, खरोखर गोंधळलेले. शेवटी म्हणाले, "अगं, मोकळा भाग कापलाय. तुझं तोंड तर ठेवलंय की."

मोकळा भाग! हे मी मैत्रिणीला फोनवर रडत सांगितलं आणि ती हसायला लागली. मी फोन ठेवून दिला. मला हसू यायला पुढे सहा वर्षं लागली.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट. २०२० मध्ये टाळेबंदीत आम्ही सगळे घरी. टीव्हीवर डॉक्टरांच्या बातम्या, पीपीई किटमध्ये घामाघूम झालेले चेहरे, अमुक शहरात इतके डॉक्टर दगावले. आई एका संध्याकाळी टीव्ही बंद करून म्हणाली, "देवानं बरं केलं माय, तू नाही झालीस." मी ताटावरून उठले. मला ते सांत्वन वाटलं, आणि सांत्वन तर माझ्या हरण्याची पावतीच. ती खरोखर घाबरली होती आणि मी तिच्याजवळ आहे म्हणून तिला बरं वाटत होतं, हे इतकं सरळ होतं की माझ्या डोक्यात शिरलं नाही. तोवर त्या घरात डॉक्टर व्हायचं ओझं वाहणारी मी एकटीच उरले होते. बाकीच्यांनी ते कधीच खाली ठेवलं होतं, आणि त्यावर सोयाबीन झाकलं होतं.

२०२२ पासून मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत आहे. पहाटे साडेपाचला ड्युटी. कॅन येतात, गावोगावच्या संकलन केंद्रांतून टँकर येतात. नमुना घ्यायचा, आधी वास, मग तापमान, मग मशीन. मशीनवर शंका आली की जुनी गर्बर पद्धत: नळीत १० मिली सल्फ्युरिक आम्ल, वर १०.७५ मिली दूध, १ मिली अमाईल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं. नळी हाताला चटका देते. मग फिरवायची आणि वर आलेला स्निग्धांशाचा पिवळा थर मोजायचा. युरिया, स्टार्च, साखर, सोडा, सगळ्यांच्या वेगळ्या चाचण्या. मला हे काम आवडतं. हे वाक्य लिहायला मला लाज वाटत नाही हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

गायीच्या दुधाचा दर ठरतो दोन आकड्यांवर, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ. त्या दुसऱ्या आकड्याला शेतकरी 'डिग्री' म्हणतात, जुन्या लॅक्टोमीटरच्या काळापासून. "म्याडम, आज डिग्री किती लागली?" पहिल्या आठवड्यात हा प्रश्न कानावर आला की माझ्या पोटात कालवाकालव व्हायची. डिग्री बसली नाही, डिग्री तुटली, डिग्रीला मार खाल्ला. खिडकीपलीकडच्या माणसाला कल्पनाही नसायची की आत उभी असलेली पोरगी आकडा वाचताना एवढी का चाचरते.

आणि एप्रन. पांढरा एप्रन घातला की आसपासच्या वाड्यांवरच्या बायका मला डॉक्टरीणबाई म्हणतात. सुरुवातीला मी प्रत्येकीला थांबवून सांगायचे की मी डॉक्टर नाही, केमिस्ट आहे. त्या "बरं बरं" म्हणायच्या आणि पुढच्या वाक्याला पुन्हा डॉक्टरीणबाई. नंतर मी सांगणं सोडलं. हे मोठेपण नव्हे. सकाळी सहाला एवढं बोलायची ताकद नसते.

त्यातल्या एका मावशींची दोनच गायी. दोन-तीन महिने त्यांची फॅट ३.१ च्या वर जाईना. दर पडायचा. लॅबमध्ये गडबड आहे असा त्यांचा ठाम समज झाला आणि एका सकाळी त्या खिडकीत हात घालून भांडायला लागल्या. मी त्यांच्या डोळ्यांदेखत दोनदा चाचणी केली. ३.१, ३.१. मग विचारलं, वासराला कधी पाजता? म्हणाल्या, शेवटी. चारही सडांची शेवटची धार वासराला सोडतो. तिथेच उलगडा झाला. पहिल्या धारेच्या दुधात फॅट कमी असते, काढत जावं तशी वाढते, सगळ्यात सकस असते ती शेवटची धार. मी त्यांना समजावलं, वासराला आधी पाजा, नीट पान्हा येईल, शेवटची धार कॅनमध्ये घ्या, आठवड्यात फरक दिसेल.

त्यांनी करून बघितलं. फॅट ३.६ लागली. मला फार आनंद झाला. खरं सांगते, रुग्ण बरा झाल्यासारखा. पुढच्या आठवड्यात पुन्हा ३.१. मी विचारलं, काय झालं मावशी?

"आवो, वासरू वाळायला लागलं," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या. दर कमी तर कमी. त्याला सकस मिळू द्या." आणि रिकामा कॅन उचलून गेल्या.

त्या रात्री मी आईला फोन केला. विशेष काही बोलले नाही. पाऊस कसा आहे, भावाचं काय चाललंय. शेवटी विचारलं, "आई, लातूरला तू टँकरच्या रांगेत उभी राहायचीस, तेव्हा काय विचार करायचीस गं?" ती थोडी थांबली आणि म्हणाली, "विचार कशाचा? पुढच्या बाईनं दोनदा भरू नये याचा."

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये चार दिवसांची रजा काढून गावी गेले. सोयाबीन कापून बनीम रचली होती. हमीभाव क्विंटलला ४८९२ जाहीर झाला होता आणि मोंढ्यावर त्याच्या खालीच मागत होते, त्यामुळे अण्णा गप्प. मळणीयंत्राचा नंबर परवावर. दुपारी उत्तरेकडून आभाळ भरून आलं तेव्हा आम्ही तिघं शेतातच होतो. ताडपत्री अंथरून झाली, आणि अण्णा झोपडीतून फ्लेक्स ओढत घेऊन आले.

मी बऱ्याच वर्षांनी तो जवळून बघितला. फ्लेक्सचा लाल रंग आधी उडतो, निळा मागे राहतो. माझा चेहरा निळसर झालाय, पुढारी तर जवळजवळ दिसतच नाही. चौदा शुभेच्छुकांपैकी नऊ उरलेत. मधोमध, माझ्या वेणीजवळ, कुणीतरी चिकटपट्टी लावलीय.

फ्लेक्सचं एक टोक धरून मी विचारलं, "अण्णा, तुम्ही तेव्हा म्हणाला होता, एकदाचं संपलं."

"कवा?"

"नीटचा निकाल लागला तेव्हा. तुम्ही गोणपाट गुंडाळत होता."

त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, ते त्यांच्या कपाळावर दिसलं, आणि मला इतकं विचित्र वाटलं. सहा वर्षं मी ज्या वाक्याच्या आधाराने स्वतःला मोजत होते ते वाक्य बोलणाऱ्याकडे शिल्लकच नव्हतं. शेवटी म्हणाले, "म्हणालो आसल. तू रात्री झोपत नव्हतीस तवा. तुझी आई दारात बसून ऱ्हायची. कवा संपंल हे, आसं झालतं." मग आभाळाकडे बघून, "ओढ की तिकडून."

मी ओढलं. आई पलीकडून दगड गोळा करून आणत होती. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी तिलाही विचारून घेतलं. एका दिवसात सगळी थकबाकी वसूल करायची असावी. म्हटलं, "आई, तंबूतली ती डॉक्टरबाई. तिचं नाव कधी कळलं का गं?"

"नाही बा."

"कुठली होती? सोलापूरची?"

"काय म्हायीत." तिने दगड खाली ठेवला आणि हात झटकले. "आन् डॉक्टर व्हती का सिस्टर व्हती, ते तरी कुठं म्हायीत. पांढरं व्हतं अंगावर. तवा कोण इचारतंय?"

मी टोक हातात धरून तशीच उभी राहिले. माझ्या चार वर्षांच्या लातूरचा, ११८ चा, २६३ चा, ३१२ चा पाया ज्या बाईवर होता, ती बहुधा डॉक्टर असेल, बहुधा नसेल. आई पुढे म्हणाली, "हात लई हलका व्हता तिचा. म्हाताऱ्याची शीर घावत नव्हती, तरी एकदाबी कुरकुरली नाही." आणि तिचा उजवा हात वर गेला, नेहमीसारखा.

मला हसू यायला लागलं. आधी आवरलं, मग आवरेना. 'मोकळा भाग' आठवला आणि मी बनीमीला टेकून हसायला लागले. आई काळजीने बघत राहिली. अण्णा म्हणाले, "आगं, धर, वारं सुटलंय."

पहिले थेंब पडले. मी फ्लेक्स उलटा टाकत होते, पांढरी बाजू वर. आई ओरडली, "छापलेली बाजू वर कर! तिच्यावरनं पाणी ढळतं."

केली. मिटल्या डोळ्यांची ती पोरगी आभाळाकडे तोंड करून बनीमीवर पसरली आणि तिच्या कपाळावरून पाणी घरंगळायला लागलं. मी एक दगड उचलला आणि मधोमध ठेवायला गेले.

"तिथं नको," आई म्हणाली. "फाटलंय तिथं. कडंला ठेव."